के-टू मीटर: वाड्यात भूत शोधायला निघण्याआधी वाचायचं परीक्षण

भुताखेतांचा नाद असलेल्या कुठल्याही गटाची पिशवी उघडा, सगळ्यात वर के-टू मीटर असतो. हातात मावणारी डबी, वरच्या टोकाला पाच दिवे, आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. मागवला की पहिली चाचणी होते ती कुणाच्या तरी मामाच्या किंवा आजीच्या जुन्या वाड्यात, रात्री बारानंतर. यंत्र चांगलं आहे. पण ते काय मोजतं हे समजून न घेता नेलं, तर अख्खी रात्र वायरिंगच्या मागे फिरण्यात जाते आणि सकाळी घरच्यांच्या मनात नसलेली भीती बसते. हे परीक्षण मुख्यतः त्यासाठी आहे.

के-टू मोजतो ते बदलत्या विद्युतप्रवाहामुळे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र. आकडा दिसत नाही, दिवेच वाचायचे. पहिला हिरवा दिवा म्हणजे ० ते १.५ मिलिगॉस (चुंबकीय क्षेत्राचं माप). यंत्र चालू असेपर्यंत तो पेटलेलाच राहतो, तो मोजणीत धरायचा नाही. दुसरा दिवा १.५ ते २.५, पिवळा २.५ ते १०, नारिंगी १० ते २०, आणि लाल म्हणजे २० च्या वर, मग ते २१ असो की २००. म्हणजे पिवळ्याच्या पोटात चौपट फरक मावतो. "लाल लागला बघ भावा!" एवढ्यावर नोंद संपवायची नाही. लाल लागला तिथून मागे सरकत तो कुठे विझतो ते अंतर टेपने मोजा. तेच खरं मोजमाप.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. आतली कॉइल एकाच दिशेची आहे. डबी उभी धरली तर एक वाचन, आडवी धरली तर दुसरं, कुशीवर वळवली तर तिसरं. मीटर हातात घेऊन फिरणारा माणूस मनगट वळवतो आणि दिवे लागतात-विझतात. काहीतरी जवळ आलं आणि गेलं असं वाटतं, प्रत्यक्षात भिंतीतली वायर जागच्या जागी असते. शिवाय पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे साधारण ४०० मिलिगॉस आहे. ते स्थिर असल्यामुळे मीटर त्याकडे दुर्लक्ष करतो, पण डबी झटक्यात हलवली की कॉइलला तेही बदलतं वाटतं आणि दिवा चमकतो. म्हणून नियम एकच: मीटर हातात धरून वाचन घ्यायचं नाही. लाकडी पाटावर किंवा स्टुलावर ठेवायचा, हात काढायचा, पाच सेकंद थांबायचं आणि मग बघायचं.

आता कोल्हापुरातल्या वाड्यांकडे येऊ, कारण शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत या मीटरला सगळ्यात जास्त खाद्य मिळतं. एका तारेतून १ अँपिअर प्रवाह जात असेल तर १ मीटरवर २ मिलिगॉस क्षेत्र तयार होतं, १० सेंटिमीटरवर २०. फेज आणि न्यूट्रल शेजारी शेजारी असतील तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांचं क्षेत्र खाऊन टाकतात, मीटर जवळजवळ गप्प राहतो. दोन्ही तारा वेगवेगळ्या वाटेने गेल्या की हे होत नाही. लाकडी पट्ट्यांवरचं जुनं वायरिंग, त्यात नंतर भावाभावांच्या वाटण्या होऊन टाकलेली नवी लाइन, एकाची फेज आणि दुसऱ्याची न्यूट्रल असा गुंता जिथे असेल तिथे पिवळा-नारिंगी दिवा कुठेही लागतो.

यातली सगळ्यात फसवी जागा म्हणजे जिना. जिन्याच्या दिव्याला खाली एक आणि वर एक असे टू-वे स्विच असतात. बऱ्याच जुन्या घरांत फेज खालच्या मजल्यावरून घेतलेली असते आणि न्यूट्रल वरच्या मजल्यावरून. मग अख्खा जिनाच एका मोठ्या वेटोळ्यात येतो. १०० वॅटचा पिवळा बल्ब सुमारे ०.४३ अँपिअर घेतो, म्हणजे भिंतीपासून वीतभराच्या आत पिवळा दिवा नक्की. जिन्याचा दिवा फक्त रात्रीच लावतात, म्हणून हे वाचन फक्त रात्रीच येतं. दिवसा मीटर गप्प, रात्री पायरीपायरीला पिवळा, आणि घरातलं कुणीतरी जिन्यात काहीतरी जाणवतं असं आधीच सांगून ठेवलेलं! शहानिशा सोपी आहे. दिवा चालू ठेवून वाचन घ्या, मग बंद करून घ्या. बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावून पुन्हा घ्या. वाचन प्रवाहाबरोबर उतरलं तर प्रश्न संपला. उतरलं नाही तर पुढे बघण्यासारखं आहे.

मेन स्विच पाडून केलेली चाचणी गटांना फार भारी वाटते, आणि ती करायलाच हवी. पण तीन गोष्टी त्यात राहून जातात. पहिली, इन्व्हर्टर. मेन बंद केला की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि पंखा-दिव्याच्या लाइनमध्ये वीज तशीच राहते. स्वस्त इन्व्हर्टरची लहर शुद्ध साइन नसते, त्यामुळे त्याच्या ट्रान्सफॉर्मरजवळ मीटर आधीपेक्षा जास्त पेटतो. "लाइट घालवली तरी लाल!" याचं कारण बहुतेकदा जिन्याखाली ठेवलेली ती पेटी असते. तिचं स्विचही बंद करा आणि वाचन घेताना तिच्यापासून किमान दोन मीटर लांब राहा.

दुसरी, सामाईक भिंत. वाड्याच्या भिंतीला लागून शेजाऱ्याचा फ्रिज, गिझर किंवा पाण्याची मोटर असते. २००० वॅटचा गिझर जवळपास ८.७ अँपिअर घेतो, अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर साधारण ३. तारा वेगवेगळ्या वाटांनी गेल्या असतील तर मोटरमुळे एक मीटरवरही पिवळा लागू शकतो. नळाला पाणी यायच्या वेळेला पहाटे आजूबाजूच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. तेव्हा गल्लीतल्या आजींना आधीच विचारून ठेवायचं, "आजी, तुमच्याकडं पाणी किती वाजता येतंय? मोटर किती वेळ चालते?" आणि ती वेळ नोंदवहीत आधी लिहायची.

तिसरी, शहराबाहेरची घरं. करवीर किंवा पन्हाळा तालुक्यात उसाच्या फडाला लागून असलेलं घर तपासायचं असेल तर शेतीपंपांची थ्री-फेज कधी येते ते कळलं पाहिजे. ती आठवड्यात कधी दिवसा, कधी रात्री असते. रात्रीची पाळी असेल तेव्हा पंप सुरू होतात, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) भार वाढतो, घरातला बल्ब मंद-तेज होतो आणि मीटरही वरखाली होतो. त्या आठवड्यातली पाळी कोणती हे गावच्या वायरमनला विचारलं की दोन मिनिटांत कळतं.

मोबाइलचं सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही कुणीतरी चुकतं. फोन टॉवरशी अधूनमधून स्वतःहून बोलतो, खिशात गप्प पडलेला असला तरी. के-टू त्या झटक्यांना दाद देतो. मीटर धरणाऱ्याचा फोन बाजूला ठेवला, पण शेजारी उभ्या असलेल्या चौघांचे खिशात राहिले, हे नेहमीचं. सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर, स्मार्ट घड्याळं काढून एका पिशवीत, आणि ती पिशवी दुसऱ्या खोलीत. वॉकी-टॉकीवर बोलायचं असेल तर वाचन थांबवून बोला. "असशील तर दोनदा दिवा लाव" हा खेळ खेळायचाच असेल तर फोन दुसऱ्या खोलीत आहेत हे आधी पक्कं करा. नाहीतर उत्तर टॉवरच देतो.

जुन्या पद्धतीचा के-टू घेतला असेल तर बटण दाबून धरावं लागतं. लोक त्यात नाणं अडकवतात. नाणं जरा सैल झालं की संपर्क तुटतो-जुळतो आणि पाचही दिवे एकदम लुकलुकतात. हे लुकलुकणं ओळखायला शिका. खऱ्या क्षेत्रात दिवे खालून वर चढतात, संपर्काच्या दोषात बहुधा सगळे एकदम लागतात. नवा घेताना चालू-बंद स्विचवालाच घ्या. बाजारात नकलाही आहेत. आल्या आल्या तपासायचं ते असं: मिक्सर चालू करून मीटर एक फुटावर ठेवा आणि हळूहळू वळवा. एका दिशेला जास्तीत जास्त वाचन आणि तिच्याशी काटकोनात अगदी कमी असं व्हायला हवं. सगळीकडे सारखंच येत असेल किंवा मिक्सर बंद केल्यावरही दिवा रेंगाळत असेल तर परत पाठवा. बॅटरी अल्कलाइन वापरा. साध्या झिंक बॅटरीचा व्होल्टेज उतरायला लागला की वाचनावर भरवसा राहत नाही, आणि भुताने बॅटरी ओढली ही कथा तिथूनच सुरू होते.

आता वापरायची पद्धत, जी नसेल तर हे यंत्र घेऊच नका. दिवसा एकदा जाऊन खोलीचा नकाशा काढा. १० बाय १२ फुटांच्या खोलीत ९ जागा खडूने खुणा करून ठेवा, प्रत्येक जागी तीन दिशांना वाचन घ्या. झाली २७ वाचनं. हीच मूळ नोंद. रात्री त्याच खुणांवर, त्याच तीन दिशांना, तशीच २७ वाचनं. फरक पडला तरच बोलायचं. खडूची कल्पना नवी नाही. ब्रिटिश भूतसंशोधक हॅरी प्राइसने १९३७ मध्ये इंग्लंडमधलं बोर्ली रेक्टरी हे झपाटलेलं म्हणून गाजलेलं घर भाड्याने घेऊन ४८ निरीक्षक नेमले तेव्हा त्यांच्या कामात हलणाऱ्या वस्तूंभोवती खडूने रेघा मारणं हा भाग होता. वाड्यातल्या देवळीतली समई, उखळ, पाट, सगळ्याभोवती रेघ मारा. वस्तू सरकली की वाद उरत नाही.

गटात माणसं चार पुरेत. एक मीटरकडे बघून कुठला दिवा लागला ते बोलतो, एक लिहितो, एक मेन स्विचपाशी उभा राहतो, एक घड्याळ सांभाळतो. लिहिणाऱ्याला खोलीची गोष्ट माहीत नसेल तर उत्तम. कॅमेरा लावला तर मीटर आणि सेकंदकाट्याचं घड्याळ एकाच चौकटीत यायला हवं. वेळेशिवाय दिव्याचा व्हिडिओ काही कामाचा नाही.

क्षेत्र जास्त म्हणून तिथे भूत, किंवा क्षेत्र जास्त म्हणून भास, हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये मुद्दाम एक खोली बांधली, तिच्यात चुंबकीय क्षेत्रं आणि कानाला न ऐकू येणारा खालचा आवाज सोडला आणि ७९ जणांना आत पाठवलं. २००९ मध्ये निष्कर्ष छापले. बऱ्याच जणांना विचित्र वाटलं, पण ते वाटणं यंत्रं चालू होती की बंद याच्याशी जुळलं नाही. सूचनेचा परिणाम हे स्पष्टीकरण जास्त जवळचं ठरलं. म्हणून खोलीत शिरण्याआधी गटाला गोष्ट सांगू नका. कोण मेलं, कुठे मेलं, कधी मेलं, सगळं काम झाल्यावर.

के-टूऐवजी ट्रायफिल्ड टीएफ-२ घ्यावा का? पैसे असतील तर हो, डोळे झाकून. तो तिन्ही दिशा एकदम मोजतो, १०० मिलिगॉसपर्यंत आकडा दाखवतो, विद्युतक्षेत्र आणि रेडिओलहरी वेगळ्या दाखवतो. मोबाइलचा झटका होता की वायरचा, हा प्रश्न तिथेच सुटतो. एक खबरदारी: तो अमेरिकेच्या ६० हर्ट्झच्या विजेवर बसवलेला आहे, त्याची खुंटी 'वेटेड'वर (वारंवारतेप्रमाणे वाचन कमी-जास्त करणाऱ्या सोयीवर) असली की आपली ५० हर्ट्झची वीज प्रमाणात कमी दिसते. तुलना करायची असेल तर खुंटी 'स्टँडर्ड'वर ठेवून सगळी वाचनं घ्या. मेल मीटरही चांगला आहे, चुंबकीय क्षेत्रासोबत तापमान दाखवतो. गॅरी गाल्का यांनी अपघातात गेलेल्या मुलीच्या, मेलिसाच्या आठवणीत तो बनवला, नाव तिच्यावरूनच आहे.

स्पिरिट बॉक्स, म्हणजे भुताची उत्तरं ऐकायला वापरतात तो रेडिओ, मात्र घेऊ नका, निदान शहरात तरी. तो एफएमचा पट्टा सेकंदाच्या दहाव्या भागात एकेक पाऊल टाकत पळवतो. कोल्हापुरात १०२.७ वर आकाशवाणी आणि ९४.३ वर टोमॅटो एफएम जोरात लागतात, म्हणजे प्रत्येक फेरीत मराठीचं एखादं अक्षर हमखास सापडणार. पन्हाळ्यासारख्या उंचीवर दूरची केंद्रंही येऊन मिळतात. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी बॉक्स आणि रेकॉर्डर दोन्ही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून एक फेरी करावी. केंद्रं दबली आणि त्याबरोबर "उत्तरं"ही दबली, तर निकाल लागला.

त्या पैशात साधा डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर घ्या. डब्ल्यूएव्ही, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटवर ठेवा. स्टिरिओत तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात, म्हणजे ४ जीबीत रात्र जेमतेम निघते, कार्ड मोठं टाका. आवाज आला तरच रेकॉर्ड करण्याची सोय बंद ठेवा. ती शब्दाचं पहिलं अक्षर खाते आणि उरलेल्यातून मेंदू भलताच शब्द बनवतो. रेकॉर्डर हातात नको, कपड्याची सळसळ कुजबुजीसारखी ऐकू येते. कौलारू घरात एक रेकॉर्डर माळ्यावर ठेवा. रात्रीची पावलं म्हणून सांगितलेला आवाज बऱ्याचदा उदमांजराचा निघतो, आणि टकटक ही दिवसभर तापलेल्या तुळया थंड होताना आकसण्याची असते. पहिल्या दोन-तीन तासांत टकटक दाट आणि पहाटेकडे विरळ होत गेली तर लाकूड समजा.

लेझरवाला थर्मामीटर हवेतला गारवा मोजत नाही, लाल ठिपका पडतो त्या पृष्ठभागाचं तापमान मोजतो. तांब्याचा हंडा, पितळेची समई, चकचकीत फरशी यांवर तो साफ चुकतो. गार जागा शोधायच्या तर हवेचं तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं साधं यंत्र जमिनीपासून एक मीटरवर टांगा, आणि दाराच्या फटीजवळ उदबत्ती धरून धुराची वाट बघा. आरईएम पॉडबद्दल (अँटेनाजवळ काही आलं की वाजणारी डबी) एवढंच की तो हवेतल्या ओलीने आणि जवळच्या माणसानेही वाजतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे, गगनबावड्याकडे तर विशेषच, त्याचा काही उपयोग नाही.

या सगळ्यापेक्षा आधी जे घ्यायला हवं ते भूतशोधाच्या दुकानात मिळत नाही: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. १९२१ मध्ये विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाचा अनुभव छापला. नव्या घरात आल्यावर पावलांचे आवाज, छातीवर दडपण, खोलीत कुणीतरी असल्याची जाणीव, डोकेदुखी. कारण निघालं बिघडलेली भट्टी आणि घरात पसरणारा हा वायू. आपल्याकडे भट्टी नाही, पण न्हाणीघरात खिडकीविना लावलेला गॅस गिझर आहे, बंब आहे, थंडीत खोलीत ठेवलेली शेगडी आहे. वायूला रंग नाही, वास नाही. "त्या खोलीत झोपलं की छातीवर कुणीतरी बसतं, सकाळी डोकं जड" असं घरच्यांनी सांगितलं की पहिल्या रात्री तिथे मीटर नाही, हा अलार्म लावायचा, पलंगावर झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला. युरोपीय मानकाचा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू) तास ते दीड तासात, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत वाजतो. वाजला तर खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, गिझर-शेगडी बंद करा, आणि कुणाला गरगरत असेल तर थेट दवाखाना. मेन पाडून वाड्याच्या चौकात पेट्रोलचा जनरेटर लावणाऱ्या गटांनी तर तो गळ्यातच घालावा. चौक उघडा दिसतो, धूर मात्र आतल्या खोल्यांत शिरतो.

जागेबद्दल. पन्हाळ्यावरच्या केंद्रीय संरक्षित वास्तूंत सूर्यास्तानंतर शिरायचं नाही. घाटावर, स्मशानात, ओसाड बंगल्यात रात्री मालकाच्या किंवा पालिकेच्या परवानगीशिवाय जाणं अंगाशी येऊ शकतं, आणि अंधारात विहिरीचा कठडा दिसत नाही हे त्याहून वाईट. मालकाची लेखी परवानगी घ्या, त्यात तारीख आणि वेळ लिहून घ्या, प्रत खिशात ठेवा.

आणि घरच्यांशी बोलताना जीभ जपा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, भुताची भीती घालणं, एखाद्याला करणी करणारा ठरवणं यांना त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. मीटर लाल झाला म्हणून "इथं काहीतरी आहे" असं घरातल्या बाईंना सांगणारा गट त्या वाटेवर पहिलं पाऊल टाकतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराशी कोण मांत्रिक येईल ते आपल्या हातात राहत नाही. सांगायचं ते एवढंच: "काकू, जिन्याच्या वायरिंगची न्यूट्रल चुकीची जोडली आहे, वायरमनला दाखवा." नाहीतर "आम्हाला कारण सापडलं नाही." पैसे घ्यायचे नाहीत, प्रवासाचेही नाहीत. घरात कुणी आजारी असेल, बरळत असेल, तर काम थांबवून डॉक्टरांकडे न्यायला सांगा.

गुण द्यायचे तर के-टूला वायर शोधायला पाचपैकी चार, एकट्याने पुरावा म्हणून एक. नवा गट असेल तर खरेदीचा क्रम हा: अलार्म, रेकॉर्डर, तापमान-आर्द्रतेचं यंत्र, टेप-खडू-नोंदवही, मग टीएफ-२ किंवा के-टू. पावसाळ्यात मीटर वापरात नसेल तर बॅटरी काढून ठेवा, नाहीतर गळून संपर्काच्या पट्ट्या हिरव्या होतात. डबीत सिलिका जेलची पुडी टाका. पट्ट्या हिरव्या झाल्याच असतील तर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगरचा थेंब घेऊन पुसा, कोरडं होऊ द्या, आणि पुन्हा मिक्सरची चाचणी करूनच पिशवीत भरा.